निधनवार्तेची शेवटची ओळ

पन्नाशी उलटल्यावर मी पत्रकारितेच्या वर्गात पाऊल टाकलं, तेव्हा सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मी मुकाट्यानं मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर जे हसू दाबलं गेलं, ते मला अजून ऐकू येतं.

बी.ए. झाल्या झाल्या मला पेपरात जायचं होतं. वडिलांनी हातात कापड मोजायचा गज दिला आणि माझं आयुष्य गुलमंडीतल्या दुकानात गेलं. मूलबाळ झालं नाही. बायको गेली, तसा दुकानातला माझा हिस्सा भागीदाराला देऊन मोकळा झालो. पण उस्मानपुऱ्यातल्या त्या घरात दिवसभर माझाच आवाज ऐकून मला माझाच वीट आला. लोकांना सांगायचो, राहिलेली हौस भागवतोय. खोटं नव्हतं ते. पण खरं सांगायचं तर मला माणसं हवी होती. वर्ग सुटला की पोरं घोळक्यानं गेटासमोरच्या टपरीवर जायची, आणि मला त्या घोळक्यात जायचं होतं. बस्स, एवढंच.

कुणी बोलावत नव्हतं. वाईट वागायची म्हणावं तर तसंही नाही, उलट नको तितकी चांगली वागायची. मी आलो की खुर्ची रिकामी, तोंडात शिवी आली की जीभ चावणार. एकदा आपण होऊन टपरीवर गेलो, तर दोघांनी सिगारेटी पाठीमागं लपवल्या आणि बाकीचे माझ्या बीपीची चौकशी करायला लागले. अर्धा चहा टाकून मी निघालो.

विभागाचा सरावाचा एक पेपर निघायचा. पाणीटंचाई, महापालिका, गुन्हे हे पोरांनी आपसात वाटून घेतलं आणि निधनवार्ता माझ्या गळ्यात मारल्या. राग आला होता मला. पण त्या कामात माझा हात धरणारं कुणी निघालं नाही. दुखवट्याचं कापड घ्यायला कुणी आलं की आम्ही दुकानदार आधी त्याचं घर विचारतो. सुना किती, जावई किती, व्याही येणार का? त्याशिवाय लुगडी किती काढायची आणि टॉवेल-टोप्या किती, हे कळत नाही. ती सवय इथं कामाला आली. 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' ही जी शेवटची ओळ असते, तिच्यातून माझ्या हातून चुलत सूनसुद्धा सुटायची नाही. सर वयानं माझ्याहून बरेच लहान, पण खूश होते माझ्यावर.

मग एक दिवस सरांनी प्रत्येकाला स्वतःचीच निधनवार्ता लिहून पुढं येऊन वाचायला सांगितली. पोरांनी धमाल उडवली. एकाच्या पश्चात तीन मोटारी आणि एक कुत्रा असा परिवार होता. मी मात्र नेहमीसारखा लिहायला बसलो. वय, गुलमंडीतले जुने कापड व्यापारी, मनमिळाऊ स्वभाव, सगळं भराभर झालं. 'त्यांच्या पश्चात' एवढं लिहिलं आणि पेन अडलं. गावभरच्या सुना-जावयांची विचारपूस करणारा मी, मला एक नाव सुचेना. शेवटी लिहून टाकलं, 'कोणीही नाही'.

वाचण्याआधी कागद सरांना दाखवावा लागायचा. त्यांनी तो वाचला आणि वर न बघताच हळू आवाजात म्हणाले, "काका, पेपरात असं लिहीत नाहीत हो. ओळच काढून टाकू." आणि स्वतःच्या पेनानं त्यांनी ती खोडली.

उरलेलं मी वाचलं. बातमी पूर्ण वाटत होती. काही राहिलंय असं कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या पडल्या, सर्वांत जास्त मार्क मलाच मिळाले.

वर्ग सुटल्यावर मी स्कूटरपाशी उगाच रेंगाळलो. घोळका तिथूनच चालला होता. त्यातली वैजापूरची, होस्टेलला राहणारी एक मुलगी थांबली.

"काका, लई भारी लिव्हलं तुम्ही. चला की आमच्यासंगं चहाला."

मी किल्ली खिशात टाकली. तेवढ्यात तिच्या शेजारच्या पोरानं तिला दटावलं, "अरे, काका को देर होती ना. घर में सब रस्ता देखते होंगे."

"व्हय की," ती ओशाळली. "जा तुम्ही काका. घरचे खोळंबले असतील."

"व्हय, खोळंबले असतील," मी म्हणालो, आणि स्कूटरला किक मारली.