मार्केटात अचानक नाचणारा माणूस

बदलापूरच्या भाजी मार्केटात दर रविवारी तो माणूस अचानक स्पीकर लावतो आणि बायकोचा हात धरून नाचायला लागतो. पन्नाशी उलटलेली, पायात कंपनीचे जड बूट. लोकांनी जोडीनं नाचायला शिकावं, एवढंच त्याचं म्हणणं. लोक मोबाइल काढतात, पुढे कोणी येत नाही.

परवा मी बायकोबरोबर भाजी घ्यायला गेलो होतो. गाणं संपल्यावर घाम पुसत तो मला म्हणाला, "हळदीला सगळे बेभान नाचतात. बायकोचा हात धरा म्हटलं, की घरी काम निघतं."

"तुम्ही दोघं या ना," त्याची बायको म्हणाली.

मी आठवडाभराचा दमलेला. माझ्या बायकोनं मात्र ओढणी कमरेला बांधायला घेतली. तिच्या बाजूचा माझा हात रिकामा होता. मी दुसऱ्या हातातली भाजीची पिशवी त्या हातात घेतली.