बटण न लावणारी द्वारका

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये द्वारका गावंडेच्या हातच्या ब्लाउजला तोड नव्हती. बाही काचायची नाही, पाठ फुगायची नाही. साहेबांच्या बायकासुद्धा कापड पाठवायच्या. पण शर्ट द्वारका शिवत नसे. फ्रॉक नाही, कुर्ता नाही, उशीचा बटणवाला अभ्रासुद्धा नाही. "मी फक्त हुकाचं शिवते," एवढं बोलून ती पुन्हा मशीनवर मान खाली घालायची. बायका म्हणायच्या, शिष्ट आहे मेली. द्वारकेने तो समज राहू दिला. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट बरं.

खरी गोष्ट एवढीच होती की द्वारकेला बटणाची भीती वाटायची.

साप, पाल, अंधार, सासू यांची भीती जगाला समजते. बटणाची कोण समजून घेणार? शर्टाचं साधं, पांढरं, चार भोकांचं बटण. सुटं असलं तर फारच वाईट. फरशीवर पडलेलं दिसलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, उलटीच्या आधी सुटतं तसलं, आणि बोटं गार पडायची. टिचबटणाचं काही वाटायचं नाही, हुकाचं तर नाहीच. लहानपणी घशात बटण अडकलं होतं का वगैरे शोधायला जाण्यात अर्थ नाही. यवतमाळकडच्या तिच्या माहेरी काहीही घडलेलं नव्हतं.

लग्न होऊन ती शहाऐंशी साली खडकीला आली. नवरा बद्रीनाथ स्फोटकांच्या विभागात होता. तिथे अंगावर धातू चालत नसे आणि बटण तुटून यंत्रात पडलेलंही चालत नसे, म्हणून त्याच्या विभागाच्या कपड्यांना बाराबंदीसारखे बंद असायचे. पहिल्याच दिवशी दोरीवर वाळत घातलेला तो गणवेश बघून द्वारकेला वाटलं, आपण नशीब काढलं.

महिन्याभराने तिने त्याला सांगून टाकलं. तो जेवत होता.

"बटणाची?"

"हो."

"काऊन?"

"माहीत नाही काऊन."

"बरं," म्हणून त्याने भात मागून घेतला. तेव्हापासून आपले दोन बाहेरचे शर्ट तो स्वतः धुवायचा आणि ट्रंकेत खाली ठेवायचा. माणूस चांगला होता, पण ही गोष्ट घराबाहेर काढायची त्यालाही लाज वाटायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमचा कारखाना बटणाला भितो तर त्याला नियम म्हणतात. मी भिते तर नाटक."

"कारखाना उडू शकतो."

"मीपण उडेन एक दिवस, मग कळेल."

तिथपर्यंत सगळं निभावलं. एक्याण्णव साली तेजस चार वर्षांचा झाला आणि शाळेत जायला लागला.

गणवेशाचा शर्ट शाळेने नेमून दिलेल्या दुकानातून तयार आला. पाच बटणं पुढे, एक गळ्याशी. पहिल्या सकाळी बद्रीनाथ सहाच्या पाळीला निघून गेलेला. द्वारकेने पोराला शर्टात घातलं, डोळे मिटले आणि चाचपडत पहिल्या बटणाला हात लावला. मग ती मोरीकडे धावली. परत आली तर तेजस उघड्या शर्टाने रडत उभा, आणि दारात वरच्या मजल्यावरची दुर्गाबाई. दुर्गाबाईला मूलबाळ नव्हतं. वयाने दहा वर्षांनी मोठी, बोलायला फटकळ, नि कोणाच्या घरात कधी काय चाललंय ते तिला जिना उतरायच्या आत कळलेलं असायचं.

"आण इकडे," दुर्गाबाई म्हणाली. सहा बटणं तिने सहा श्वासांत लावली, पोराच्या छातीवर एक चापट मारली आणि त्याच्या तोंडात खडीसाखर टाकली. तेजस रडायचा थांबला.

त्या दिवसापासून रोज सकाळी तेजस उघडा शर्ट घेऊन जिना चढायचा आणि द्वारका खाली डबा हातात धरून उभी राहायची. वरून हसण्याचा आवाज यायचा. तिला वाटायचं, सहा बटणांना इतका वेळ लागतो का? वरून उतरणारं पोर बटणबंद, भांग पाडलेलं, तोंडात साखर घोळवत यायचं आणि डबा घेऊन पळायचं. वर्षभरात तो दुर्गाबाईला दुर्गाआई म्हणायला लागला. "आई असताना आणखी आई कशाला?" द्वारका एकदा म्हणाली. "तू शर्ट लावत नाहीस ना," पोराने सरळ उत्तर दिलं.

दुर्गाबाईने क्वार्टरभर सांगितलं, "द्वारकेला पोराला बटणं लावायचासुद्धा कंटाळा. ब्लाउजांतून वेळ नाही बाईला." द्वारकेने ऐकून घेतलं. खरं सांगण्यापेक्षा कंटाळा बरा. हा हिशेब ती दर वेळी करायची आणि दर वेळी चुकायचा.

सगळ्यांत जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच होती. तेजसला सहाव्या वर्षीच स्वतःची बटणं लावता यायला लागली होती. द्वारकेला हे कळलं तो दहाव्या वर्षात असताना. मधली चार वर्षं तो नुसता वर जायचा म्हणून जायचा.

पुढची वर्षं भराभर गेली. तेजस इंजिनिअर झाला, हिंजवडीला लागला, ऑफिसातल्याच राजनंदिनीशी लग्न ठरवून घरी येऊन सांगितलं. पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला. बद्रीनाथ निवृत्त झाला तसे क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे राहायला आली. सोसायटी अकरा मजल्यांची, पण यांचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. द्वारकेला वरचा, हवेशीर हवा होता.

"राजला लिफ्ट चालत नाही, आई," तेजस म्हणाला.

"चालत नाही म्हणजे?"

"फोबिया आहे तिला. बंद जागेचा. पॅनिक होते ती."

"जिन्याने जावं मग."

"आई, प्लीज. ती नाटक करत नाहीये. हे मेडिकल असतं."

फोबिया हा शब्द द्वारकेच्या डोक्यात बसला. सुनेच्या भीतीला नाव होतं. तारीख देऊन भेटणारी समुपदेशक बाई होती. ऑफिसने तिची खुर्ची आठव्या मजल्यावरून दुसऱ्यावर आणली होती. आणि तेजस, चाळिशीला टेकायला अजून अवकाश असलेला पण आत्ताच पोट सुटलेला तेजस, नातेवाइकांकडे नऊ-नऊ मजले तिच्यासोबत धापा टाकत चढायचा. बायकोचा हात धरून. द्वारका लिफ्टने आधी पोचायची आणि वर उभी राहून दोघांना वळणावळणाने येताना बघायची. द्वारकेच्या भीतीसाठी कोण कधी एक पायरी चढलं होतं? चढलं होतं ते पोर, आणि तेही दुसरीच्या घरी.

राधा झाली तेव्हा मात्र द्वारका हरखली. जुन्या मऊ सुती साड्या फाडून तिने बंदांची वीस झबली शिवली. सहा महिने कोणाला काही कळलं नाही. मग राजनंदिनीची रजा संपत आली आणि राधाच्या अंगावर दुकानातले फ्रॉक चढायला लागले. पाठीवर तीन-तीन बटणं. चिमुकली, गुलाबी, बदकाच्या आकाराची. बदकालाही भोकं चारच. असा फ्रॉक घातला की द्वारका राधाला घ्यायची नाही, काहीतरी काम काढून आत जायची.

एका रविवारी चहाच्या वेळी तेजस म्हणाला, "मी दुर्गाआईला विचारलंय. ती दापोडीलाच असते आता, एकटीच आहे. दिवसभर राधाला सांभाळायला येईल म्हणते."

द्वारकेच्या हातातली बशी टेबलावर जरा जोरात टेकली. "आणि मी काय करते इथे?"

"तुला त्रास कशाला. तुला तसंही..." तो अडखळला. "तुला मुलांचं ते सगळं कधी आवडलं नाही ना. मला शर्टसुद्धा दुर्गाआईच घालायची."

बद्रीनाथने पेपर चेहऱ्यापुढे आणखी वर धरला.

त्या दिवसापासून द्वारकेचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा नेला तो नेला, आता नातही तीच नेणार! दुर्गाबाईच्या मांडीवर राधा, दुर्गाबाईची खडीसाखर, उद्या दुर्गाआजी.

फ्रिजवर राजनंदिनीचा एक कागद चिकटवलेला असायचा. समुपदेशक बाईंनी नेमून दिलेल्या पायऱ्या: लिफ्टचा फोटो बघणे. लिफ्टपासून दहा पावलांवर उभं राहणे. दार उघडताना बघणे. दार धरून उभं राहणे. आत पाऊल टाकून परत येणे. एक मजला जाणे. जमलेल्या पायरीपुढे राजनंदिनी हिरवी खूण करायची. द्वारकेने सगळे घराबाहेर असताना तो कागद आपल्या ब्लाउजांच्या मापांच्या वहीत उतरवून घेतला आणि लिफ्टच्या जागी बटण लिहिलं.

बद्रीनाथला तिने बोहरी आळीत पाठवून एक बटण आणवलं. "एकच द्या म्हटलं तर दुकानदार माझ्याकडे असा बघत होता बाप्पा," तो म्हणाला. बटण कागदात, कागद स्टीलच्या डबीत, डबी धान्याच्या कपाटात. पहिले तीन दिवस नुसतं कपाटापुढे उभं राहायचं. मग डबी हातात. मग झाकण उघडायचं. झाकण उघडलं त्या दिवशी ती दुपारभर आडवी पडली होती. पण फ्रिजवर बघितलं तर सून अजून चौथ्याच पायरीवर अडकलेली, आणि द्वारकेला इतका आनंद झाला की तिने उठून शिरा केला.

"आज काय विशेष, आई?" राजनंदिनीने विचारलं.

"काही नाही. तुझं काय, लिफ्टच्या दारातच का अजून?"

पाचवी पायरी होती बटणाला बोट लावणे. ती काही जमेना. दुर्गाबाई यायला चार दिवस राहिले होते. द्वारका रोज सकाळी डबी उघडून बसायची, बोट न्यायची आणि मोरीकडे पळायची. चौथ्या दिवशी परत आली तर ओट्याशी राजनंदिनी उभी. एका हातात डबी, दुसऱ्या हातात मापांची वही.

"ठेव ते," द्वारका म्हणाली.

राजनंदिनीने झाकण लावून डबी पाठीमागे धरली. तेवढ्यानेच द्वारकेला कळलं की हिला कळलं.

"कधीपासून आहे, आई?"

"पहिल्यापासून."

"तेजसला माहीत नाही?"

"त्याला सांगते कोण? तू सांगितलंस तर आजार, मी सांगितलं तर नाटक."

राजनंदिनी हसली नाही की गळ्यात पडली नाही. म्हणाली, "तुम्ही एकट्याने करताय हे. मला तर त्या बाई हात धरून दारापर्यंत नेतात, तरी रडते मी."

द्वारकेला बरं वाटलं आणि त्याच क्षणी रागही आला. तीस वर्षांनी एकजण समजणारं भेटलं, तेही नेमकी हीच!

जेवताना राजनंदिनीने पोळी मोडत सरळ सांगून टाकलं. तेजस आधी हसला. मग त्याने आईच्या मोकळ्या बाह्यांकडे, बाबांच्या नाडीच्या सदऱ्याकडे आणि मग स्वतःच्या छातीवरच्या बटणांकडे बघितलं. "मग सांगायचं ना, आई."

"कोणाला? तू चार वर्षांचा होतास."

त्याने भात कालवायला घेतला. "मला वाटायचं, मी वर गेलो की तुला बरं वाटतं," तो म्हणाला. मग उठून वरचं बटण काढायला लागला, नको तिथे लक्ष गेलं असं वाटून पुन्हा लावलं, आणि शेवटी शर्ट बदलून टीशर्ट घालून आला.

राधाला द्वारकेनेच सांभाळायचं ठरलं, पण दुर्गाबाईला नको म्हणून कळवायचं राहून गेलं. सोमवारी सकाळी ती दारात हजर झाली. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा, हातात खडीसाखरेची पुडी. नोकरीवाले दोघं निघून गेलेले. बद्रीनाथ भाजी आणायला जातो म्हणून सटकला.

"राधाला मी सांभाळणार आहे," द्वारका म्हणाली. बसा म्हणायच्या आधीच. "आणि एक सांगते. मला कंटाळा नव्हता. मला भीती वाटते बटणाची."

"ठाऊक आहे मला," दुर्गाबाई खुर्चीत बसत म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. मोरीतून आलीस तेव्हाचा तुझा चेहरा बघितला होता मी."

"ठाऊक होतं? मग गावभर कंटाळा का सांगत सुटलात?"

दुर्गाबाईने गुडघ्यावरचा पट्टा सारखा केला. "खरं सांगू? त्या शर्टाची बटणं कापून टिचबटणं लावली असती तर प्रश्न मिटत होता. वर दिखाव्यापुरतंसुद्धा बटण ठेवायला नको, शाळेला काय घेणं होतं. पंधरा मिनिटांचं काम. तू एवढी शिवणारीण, पण तुला त्या शर्टाला हातच लावता येईना, म्हणून सुचलं नाही. मला सुचलं होतं."

"आणि बोलला नाहीत."

"बोलले असते तर पोर वर कशाला आलं असतं? तुझ्याकडे पोर होतं, द्वारका. माझ्याकडे सहा बटणं होती."

द्वारका उभीच होती. इतकी वर्षं खाली डबा धरून ती वरच्या हसण्यावर जळत होती, आणि वरची बाई खाली बघून जळत होती. हे कळून मन निवलं असं मात्र मुळीच नाही. पंधरा मिनिटं! तिने आत जाऊन राधाच्या फ्रॉकांचं गाठोडं आणलं, चिमट्यात धरल्यासारखं लांब धरून, आणि दुर्गाबाईच्या पुढ्यात टाकलं. वर कात्री आणि टिचबटणांचं पाकीट ठेवलं.

"बसा. ही सगळी काढा. एकसुद्धा खाली पडता कामा नये."

"सगळी?"

"सगळी. आजच. चहा देते. पुडी ठेवा पर्समध्ये, तिला दात नाहीत अजून."

दुर्गाबाईने चष्मा लावला. द्वारकेने राधाला मांडीवर घेतलं आणि पाठ फिरवून बसली. मागे कात्रीचा आवाज सुरू झाला, आणि प्रत्येक कचकन आवाजानंतर वाटीत काहीतरी टपकन पडत होतं. त्या टपटपीने तिचे हात गार पडत होते, तरी ती उठली नाही. राधा मात्र मान वळवून वळवून आजीच्या खांद्यावरून त्या नव्या बाईकडे बघायला लागली आणि हसली.

द्वारकेने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं.