पावणं कुठलं?

“पावणं, जरा बाजूला सरा.”

तालमीचे अध्यक्ष मला म्हणाले. नारळ माझ्या हातात हुता. दंडावर कॅप्टनची पट्टी हुती. पाठीवर त्यांच्याच तालमीचं नाव हुतं. आणि मी पावणं!

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणत्यात. रस्ता इचारणाऱ्याला म्हणत्यात, एसटीत शेजारी बसलेल्याला म्हणत्यात. त्यात वाईट काय न्हाय. पण मी त्या पेठेसाठी मिसरूड फुटायच्या आधीपासनं खेळत आलतो. गुडघे फोडून घेतलते.

आमच्याकडं फुटबॉलची टीम तालमीच्या नावानं उतरते. कुस्ती कमी झाली, तालमी ऱ्हायल्या, आणि पेठांची सगळी इर्षा बॉलवर आली. फायनलच्या सकाळी टीम तालमीतल्या मारुतीपुढं उभी ऱ्हाते आणि कॅप्टन नारळ फोडतो. मगच मैदानावर जायचं. कुठली तालीम, नाव घेत न्हाय. ज्यांना कळायचं त्यांना कळंल.

मी कुरुंदवाडचा. नदीकाठच्या रानात बॉल बडवत मोठा झालो. तिथं मला अण्णांनी हेरलं. अण्णा म्हंजे तालमीचे कोच. मोटरसायकलवर मागं बसवून त्यांनीच मला पेठेत आणलं. वाटेत चहाला थांबलो तवा म्हणाले, “कुणी इचारलं तर गाव सांग. वस्ती सांगू नगंस.”

मी मान हलवली. काय करणार? खेळायचं हुतं.

तालमीच्या दारात पहिल्याच माणसानं इचारलं, “पावणं कुठलं?” ह्या प्रश्नाचा अर्थ आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी कळतो. इचारायचं गाव आणि काढायची जात. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “पावणं कशाचं? आपलंच पोरगं हाय.”

आपलं. त्या एका शब्दावर मी जीव टाकला, लेका.

मी हाफला खेळायचो. हाफ म्हंजे मधला गडी. मागनं बॉल घ्यायचा, पुढं द्यायचा. गोल झाला की लोक फॉरवर्डला खांद्यावर घेणार, आणि हाफ आपला गुमान मागं पळत येणार. पण मला तेच आवडायचं. सगळा खेळ माझ्या पायातनं जायचा. गॅलरीतली माणसं घसा फाडून ओरडायची, “नाद खुळा! पेठेचा वाघ हाय ह्यो!” अंगावर काटा यायचा माझ्या.

पुढं गोव्यातल्या एका क्लबनं मला घेतलं. करार झाला, खेळ हाच धंदा झाला. तिथं कुणी कुठला म्हणून खोदून इचारलं न्हाय. डावा पाय चालतो का, एवढंच बघितलं. करार वाढवायची वेळ आली आणि अण्णांचा फोन आला.

“पेठेला तुझी गरज हाय. कप येऊन लई वर्सं झाली. यंदा कॅप्टन तू.”

मी सही केली न्हाय. आई म्हणाली, “येडा झालास काय रं? चालून आलेलं सोडतोस?” मी म्हणलं, “आई, मला कॅप्टन केलंय.” माऊलीला सगळं दिसत हुतं, मला दिसत नव्हतं.

हंगाम झकास गेला. फायनल गाठली. चौकात माझा फ्लेक्स लागला. हाताची घडी घातलेला मी, आणि खाली ‘पेठेचा ढाण्या वाघ’. ह्यो वाघ चौकात चालतो, मारुतीपुढं चालत न्हाय, एवढं तेवढं छापायचं ऱ्हायलं.

फायनलच्या सकाळी आमच्या वस्तीतली माणसं टेम्पो करून आली. म्होरं मामा. नवा सदरा घातलेला, भाच्याचा कौतुकसोहळा बघायला आलेला. तालमीच्या दारात त्यांनी दोन्ही हात जोडले आणि सवयीनं, खणखणीत आवाजात म्हणाले, “जय भीम!”

आमच्यात हेच म्हणत्यात. मामांना काय ठाऊक की हितं मी आजवर नुसतं गाव सांगितलंय.

आतला गलका एकदम थांबला. मला वाटलं, थांबू दे. आज कॅप्टन हाय मी. नारळ उचलला, आणि अध्यक्षांनी मला पावणं केलं. जातीचं नाव कुणी काढलं न्हाय. गरजच पडली न्हाय.

मी अण्णांकडं बघितलं. आता म्हणतील, आपलंच पोरगं हाय. आता म्हणतील.

अण्णांनी माझ्या हातनं नारळ काढून घेतला. “जुनी माणसं हायत रं. मैदानावर तू कॅप्टनच हाईस की,” असं पुटपुटले आणि स्वतःच फोडला. प्रसाद वाटायला अध्यक्ष आले. सगळ्यांच्या तळहातावर खोबरं ठेवलं. माझ्या हातावर वरनं टाकलं.

मी पट्टी सोडली. पट्टी आणि खोबरं पायरीवर ठेवलं आणि वळलो.

“मर्दा, आज फायनल हाय! कुठं निघालास?” आमचा गोली ओरडला.

“पावण्याला कोण राबवून घेतंय व्हय?” मी म्हणलं, आणि टेम्पोत जाऊन बसलो.

मामांचं तोंड एवढंसं झालतं. “माझ्यामुळं झालं का रं?”

“तुम्ही नुसता जय भीम घातलासा, मामा. करायचं ते त्यांनी केलं.”

तालीम हरली. संध्याकाळपातूर फोनवर नुसतं गद्दार, गद्दार. फ्लेक्सवरचं माझं तोंड ब्लेडनं कापून काढलं. मी गद्दार! मला आपलं म्हणून आणणारा कोण मग?

आठवड्यानं अण्णा वस्तीत आले. आईनं चहा ठेवला. “आत्ताच घेऊन आलोय,” म्हणाले. कप तसाच निवला. मग म्हणाले, “एका नारळापायी सगळं घालवलंस की रं.”

“एका नारळापायी तुम्ही मला बाजूला सारलासा की, अण्णा.”

अण्णा उठले. गाडीला किक मारून गेले. ते गेल्यावर मी रडलो. खोटं कशाला बोलू? बापाच्या जागी मानलंतं मी त्या माणसाला.

गोव्याला फोन केला. माझ्या जागी दुसरा हाफ आलाता. त्या दाराला कुलूप लागलं, आणि ते माझ्याच हातानं लावून मी आलतो.

आता वस्तीची टीम उतरवतोय. मैदानातली ढेकळं आम्हीच फोडली, गोलपोस्टबी आम्हीच रोवले. हाफला मीच. त्या तालमीसंगं मॅच पडली तर पडू दे. मला त्यांचा नारळ नगं, त्यांचा फ्लेक्स नगं, आणि मला आपलं म्हणणारं तर कुणीच नगं.

स्टेडियमच्या दारात कोणतरी इचारणारच, “पावणं कुठलं?”

आधी वस्ती सांगणार हाय. गाव मागनं.