बिनशेपटीचं विमान

धर्मपाल हा माणूस संशयी होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की आम्हाला अंधारात ठेवलं. दूधवाल्याच्या मापावर संशय, हॉटेलातल्या कपावर संशय, आणि कोणी हसून बोललं तर त्या हसण्यावर दुप्पट संशय. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. तिथं साहेबांनी कामाची तारीफ केली, तरी हा घरी येऊन बायकोला विचारायचा, "काहून म्हनले असतीन तसं? काई काम निघालं असन मायाकडं." मनकर्णा म्हणायची, "चांगलं केलं असन म्हनून म्हनले." तेही त्याला पटायचं नाही.

आता त्याला नावं ठेवायच्या आधी एवढं ध्यानात घ्या. नांदगाव खंडेश्वरकडच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथं बाकीच्या पोरांना माठ होता आणि त्याला नुसती ओंजळ. वरून पाणी ओतणारा ज्या दिवशी खुशीत असेल, त्या दिवशी तहान भागायची. छप्पन साली घरादारानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, नावं बदलली, मान ताठ झाली. पण अशा शाळेतून निघालेला माणूस संशय शिकून निघाला, तर नवल ते काय? बरं, दहापैकी नऊ वेळा त्याचा संशय खरा निघायचा, हीच तर पंचाईत होती. ही गोष्ट दहाव्या वेळेची.

सगळ्या जगात त्याला एकच माणूस बिनसंशयाचा होता, तो म्हणजे अकोल्याचा ओमप्रकाश. माळ्याचा पोरगा. बाप झेंडूच्या माळा विकायचा, आणि हा ताजनापेठेत रेडिओ दुरुस्त करायचा, बॅटऱ्या भरून द्यायचा. कॉलेजचा रेडिओ घेऊन धर्मपाल त्याच्या दुकानात पहिल्यांदा गेला, तेव्हा हा चांगला व्हॉल्व्ह काढून जुना बसवेल या भीतीनं समोरच ठाण मांडून बसला. ओमप्रकाशच्या ते लक्षात आलं. त्यानं पेचकस याच्याच हातात दिला आणि म्हणाला, "घे, तूच खोल. मी पायत बसतो." दोस्ती झाली ती तिथं. पुढं ओमप्रकाश पहिल्यांदा अमरावतीला घरी आला, तेव्हा मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. धर्मपाल श्वास धरून पाहत होता. ओमप्रकाशनं तांब्या तोंडाला लावला, घटाघटा पाणी प्यायला, मिशा पुसल्या आणि आणखी मागितलं. त्या दिवसापासून धर्मपालनं त्याच्यापुरता संशय खुंटीला टांगून ठेवला.

चौसष्ट साली कॉलेजात एक विलायती मासिक आलं. त्यात एका विमानाचं चित्र होतं. त्याला ना धड, ना शेपूट. नुसता एक लांबलचक पंख, मागं वळलेला. जमिनीवरचा माणूस हातातल्या डब्यातून रेडिओनं त्याला वळवतो, असं खाली लिहिलं होतं. धर्मपालला त्या चित्रानं झपाटलं. आपणही हे करायचं. रेडिओचं काम ओमप्रकाशचं, पंखाचं याचं. मध्ये तिसरा माणूस नको.

सांगाडा केला अंबाडीच्या सनकाड्यांचा. चूल पेटवायच्या त्या काड्या, पण वजनाला काहीच नाहीत. त्यावर पतंगाचा ताव, तावावर पातळ खळ. पुरुषभर लांब पंख तयार झाला. आत ओमप्रकाशनं बनवलेली रेडिओची डबी, एक छोटी बॅटरी, आणि पिळलेलं रबर. हातातल्या डब्याचं बटण दाबलं की रबराचा एक पीळ सुटायचा आणि मागची पट्टी हलायची. इंजिन नव्हतंच. पतंगासारखी दोरी लावून पळायचं, वर चढवायचं, आणि दोरी सुटली की पुढचं सगळं बटणावर.

आणि तोलावर. बिनशेपटीच्या विमानाचा सगळा जीव तोलात असतो. मागच्या अंगाला सुपारीएवढं वजन जास्त झालं, की ते नाक वर करतं आणि उताणं पडतं. म्हणून धर्मपाल उडवायच्या आदल्या संध्याकाळी दोन बोटांवर पंख धरून तासभर तोलत बसायचा.

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. चीनची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. जो तो हेर शोधत होता. शेजारचा पुंजाजी कुंपणावरून मान काढून पाहायचा आणि चौकात जाऊन सांगायचा की धर्मपालच्या घरात वायरलेस आहे, रात्री कुठं कुठं बोलत असतो. एक हवालदार येऊन रेडिओचा परवाना उलटसुलट करून पाहून गेला. परवाना खरा होता, दिल्लीहून रीतसर आणलेला. पण तेव्हापासून बाया पाण्याला जाताना त्याच्या दारासमोर पावलं हळू करायच्या आणि आत डोकावायच्या. मनकर्णाला त्या नजरांचा जाच व्हायला लागला. धर्मपाल म्हणाला, "पाहू दे. पोट दुखते लोकाचं."

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी वडाळीच्या पलीकडच्या माळावर पहिलं उड्डाण झालं. ओमप्रकाश आदल्या दिवशीच मुक्कामाला आला होता. सकाळी झाकण उघडून बॅटरी त्यानंच बसवली. मग दोरी खांद्यावर घेऊन तो बैलासारखा पळाला. पंख वर चढला, दोरी सुटली, आणि धर्मपाल बटणावर बोट ठेवतो न ठेवतो तोच पंखानं नाक वर केलं, डावीकडं कलंडला आणि धपकन खाली आला. पाहायला आलेली माणसं पोट धरून हसली. मनकर्णा धावत गेली आणि तिनं तुकडे पदरात गोळा केले.

"मांग जड झालं गड्या," ओमप्रकाश म्हणाला.

"कालच तोलला व्हता म्या."

"मंग काई हललं असन."

हललं कसं असेल? धर्मपालच्या डोक्यात मुंगी शिरली. तोलल्यावर पंखाला हात लागला तो एकाच माणसाचा. छे, असं कसं, म्हणत त्यानं ती मुंगी झटकली. पण मुंगी एकदा शिरली की ती काय झटकून जाते?

दुरुस्ती करून, पुन्हा तोलून, संक्रांतीनंतर दुसऱ्यांदा गेले. या खेपेला निम्मा मोहल्ला माळावर होता, पुंजाजी सगळ्यांच्या पुढं. झाकण पुन्हा ओमप्रकाशनंच लावलं. पंख पहिल्यापेक्षा उंच गेला, तसाच उताणा झाला, आणि दगडावर असा आदळला की सनकाड्यांचा भुगा झाला. मनकर्णा सगळ्यांच्या आधी पोचली. धर्मपालनं तिच्या हातून डावा पंख घेतला, तर कागदावर काळा, ओलसर डाग. कागद खाल्ल्यासारखा झालेला. बोट लावलं तर चिकट.

तेजाब, त्याच्या मनात आलं. बॅटरीतलं तेजाब. आणि तेजाबात ज्याचे हात दिवसभर असतात तो माणूस समोर धापा टाकत उभा होता.

तिघं घरी आले. मनकर्णानं चहा ठेवला. ओमप्रकाशनं कप उचलला तेव्हा यानं पंखाचा तुकडा त्याच्यापुढं टाकला.

"हे काय हाये?"

ओमप्रकाशनं वास घेतला. "तेजाब नोहे हे."

"म्या तेजाबाचं नाव बी नाई काढलं. तुले कसं समजलं मी काय इचारून रायलो ते?"

ओमप्रकाशनं तुकडा खाली ठेवला. "धर्मपाल, मी काहून करीन असं?"

आणि धर्मपाल बोलून गेला. जे बोलायचं नव्हतं तेच. "तुमच्या लोकाइले आमचं जमिनीवर चालनंच मुश्किलीनं पचलं. उडनं कसं पचन?"

चुलीपाशी मनकर्णाचा हात थांबला. ओमप्रकाशनं कप खाली ठेवला, अर्धा तसाच. म्हणाला, "सात वर्सं झाली, तुया घरचं पानी पेतो. तू एवढंच पायलं का?" चपला घातल्या आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. धर्मपालला वाटलं, चोर पकडला. पण त्या रात्री तो जेवला नाही.

दोन दिवसांनी त्याच्या बोटांना खाज सुटली. मग फोड आले, पाणी भरलेले, आणि हात मनगटापर्यंत सुजला. तेजाबच ते, आणखी काय, असं म्हणून तो हात सगळ्यांना दाखवत सुटला. पुंजाजीची म्हातारी आई चतुराबाई ओट्यावर बसली होती, तिलाही दाखवला. तिनं हात उलटा केला, सुलटा केला.

"तेजाब कायचं बाप्पा? बिब्बा उतला हा. खोबरं चावून लाव."

"माया घरात बिब्बा नाई मावशी. छप्पनपासून नाई."

"मंग दुसऱ्याच्या घरातला असन," म्हातारी म्हणाली.

झालं. दुसऱ्याच्या घरातला म्हणजे कोणाच्या? कोणी करणी केली? धर्मपालचा करणीवर काडीचा विश्वास नव्हता, पण करणी करणाऱ्यांवर होता. कोणकोण माळावर आलं होतं, कोण पंखाजवळ उभं होतं, सगळ्यांची तोंडं आठवत तो जेवायला बसला. मनकर्णानं ताटात भाकर टाकली. डाव्या हातानं. ती कधी डाव्या हातानं वाढत नसे.

"उजवा हात दाखव."

"काई नाई. पोळला."

"दाखव म्हनलं ना."

तिनं पदराखालून हात काढला. बोटांवर तेच फोड, तेच पाणी. मनकर्णा खाली मान घालून सांगू लागली. पहिल्या खेपेला, तो आंघोळीला गेला तेव्हा, तिनं नजर लागू नये म्हणून डाव्या पंखाच्या मागच्या टोकात एक बिब्बा काळ्या दोऱ्यानं बांधून सरकवला होता. पंख पडला. तिला वाटलं, नजर भारी होती, बिब्ब्यानं घेतली, नाहीतर याहून वाईट झालं असतं. नजर घेतलेला बिब्बा ठेवत नाहीत, म्हणून तुकडे गोळा करताना तिनं तो काढून फेकला. दुसऱ्या खेपेला नजर आणखी मोठी होती. अर्धा मोहल्ला येणार होता. म्हणून तिनं तीन बिब्बे घातले आणि सोबत घोड्याच्या नालाचा खिळा. दगडावर आदळल्यावर बिब्बे फुटले, आणि धर्मपाल पोचायच्या आत ते आणि खिळा काढून घेताना बिब्ब्याचं तेल तिच्या बोटांना लागलं.

"आन पुढच्या वेळी?" धर्मपालनं विचारलं.

"पाच घालनार व्हती."

"आपन देव सोडले ना?"

"सोडले. म्या बी सोडलेच. पन नजर काई देवाची नसते, मानसाची असते. देव बदलले, मानसं तेच हायेत." मग तिनं मान वर केली. "मले काहून इचारता? तुमी बी तेच मानता. म्या बिब्बा बांधला, तुमी ओमभाऊले बोल लावला. त्या दिवशीच सांगाले पायजे व्हतं म्या. तुमच्या तोंडाकडं पाहून भेव लागलं."

धर्मपालला तिच्यावर रागावता आलं नाही. राग होता, पण तो कुठं टाकावा ते कळेना. ताट तसंच ठेवून तो ओट्यावर जाऊन बसला आणि रडला. लहानपणी ओंजळीत पाणी पडलं नाही तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो अकोल्याला गेला. ओमप्रकाश एका उघड्या रेडिओत मान घालून बसला होता. धर्मपालनं सुजलेला हात फळीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाला, "म्या चुकलो."

ओमप्रकाशनं हाताकडं पाहिलं. "तुयाजोळ पुरावा हाये म्हनून तू आला. मायाजोळ पुरावा नव्हता, त मी चोर. असंच ना?"

"खोबरं लाव हाताले," ओमप्रकाश म्हणाला आणि पुन्हा रेडिओत मान घातली. धर्मपाल संध्याकाळच्या गाडीनं परत आला.

त्यानं पंख नव्यानं बांधला. नाकाला वजन हवं होतं, म्हणून मनकर्णाचा तो नालाचा खिळा त्यानं नाकात बसवला. वजन म्हणून, असं तो सांगायचा. मनकर्णा पाहून पुन्हा कामाला लागली. पंख खुंटीला टांगला. उडवायला जायचं मन होईना. दर रविवारी तो अकोल्याची माणसं घेऊन बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाडीच्या वेळी ओट्यावर येऊन बसायचा आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, हवा खातो.

होळी झाल्यावर एका रविवारी ओमप्रकाश आला. काही न कळवता, हातात पिशवी घेऊन. मनकर्णानं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो थोडा वेळ तांब्याकडं पाहत राहिला, मग प्यायला. "चाल," धर्मपालला म्हणाला, "ऊन व्हायच्या आत."

माळावर त्या दिवशी कोणी नव्हतं, एकटा पुंजाजी तेवढा मागं मागं आला होता. ओमप्रकाशनं पंख हातात घेतला. उलटा केला. झाकण काढून आत बोटं फिरवली. डावं टोक चाचपलं, उजवं चाचपलं. मग पंख कानाशी धरून खुळखुळा वाजवावा तसा हलवला.

"काय करून रायला?" धर्मपालनं विचारलं.

"तपासून घेतो. पडलं त मायावर येते."

धर्मपालनं बटणाचा डबा उचलला. ओमप्रकाशनं दोरी खांद्यावर घेतली आणि पळाला.

पंख चढला. दोरी सुटली, नाक सरळ राहिलं. धर्मपालनं बटण दाबलं आणि तो डावीकडं वळला, पुन्हा दाबलं आणि उजवीकडं. वडाळीच्या तलावाकडून आलेल्या वाऱ्यावर तो असा तरंगत राहिला की पुंजाजीच्या तोंडून "बाप्पा!" निघालं. धर्मपालच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यानं डबा ओमप्रकाशच्या हातात दिला आणि पंख उतरवायचं काम त्याच्यावर सोडलं. ओमप्रकाशनं तो गवतात अलगद उतरवला.

पुढं कितीतरी वर्षं दोघांनी मिळून विमानं उडवली. पंख मोडले, नवे झाले, व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले, दोघांचे केस पिकले. ओमप्रकाश घरी यायचा, जेवायचा, मनकर्णाशी थट्टा करायचा. पण माळावर गेल्यावर दोरी घ्यायच्या आधी दर वेळी तो पंख उलटा करायचा, टोकं चाचपायचा आणि कानाशी धरून हलवायचा. तेवढा वेळ धर्मपाल बटणाचा डबा हातात धरून, दुसरीकडं बघत गप उभा राहायचा. त्यानं एकदाही त्याला थांब म्हटलं नाही.