कुहीच्या बसनं येणारा डबा

मंडळी, आज दुपारी आईशी झालेलं बोलणं डोक्यातून जातच नाहीये.

सत्तरच्या दशकात, लहानपणी मी टायफॉईडनं नागपूरच्या दवाखान्यात पडलो होतो. आई जवळ बसून. कुहीहून आजी रोज एसटीच्या कंडक्टरजवळ माझ्या नावानं डबा द्यायची. संध्याकाळी तो रिकामा परत जायचा.

आज सहज विचारलं, "मले तर सलाईन होतं. मग डबा कोण खात होतं वं?"

"मीच. घास उतरत नव्हता, पण भरला डबा वापस गेला असता तर म्हातारी घाबरली असती. तिले वाटू दे, पोरगा जेवून राहिला."

"काय राहे डब्यात?"

"भाकर अन् मिरचीचा ठेचा," म्हणाली, आणि स्वतःशीच पुन्हा, "ठेचा?"

तुम्हीच सांगा, आजारी पोराले कोणी ठेचा पाठवते का?