अक्का शुद्धीवर येण्याआधी

नव्वदच्या दशकातली, बेदाण्याच्या हंगामातली गोष्ट. तासगावच्या शेडवर जाळीवर द्राक्षं पसरता पसरता माझी थोरली बहीण डोकं धरून खाली बसली. "डोक्यात कायतर फुटल्यागत झालं गं," एवढंच मला म्हणाली आणि ओकली. शेडमालकाच्या जीपमधून तिला सांगलीला नेलं.

स्कॅनमध्ये मेंदूत रक्त दिसलं. एका रक्तवाहिनीला फुगा आलाय, तो पाझरलाय, डॉक्टर म्हणाले. पुन्हा फुटला तर वाचणं अवघड. कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला बारीक चिमटा लावायचा, आणि टेबलावरच रक्तात औषध सोडून एक्स-रे काढायचा. "फुगा मिटला का, पुढं रक्त जातंय का, ते तिथंच कळेल. ती कशी उठेल, याचाही थोडा अंदाज येईल."

दाजी फौजेत होते, रजेवर आलेले. पलूसहून आई आली. आम्ही तिघं थिएटरबाहेर बाकावर बसलो.

ऑपरेशन चालू असतानाच दुसरे, तरुण डॉक्टर बाहेर आले.

"फुगा मिटलाय. पण फोटोत शेजारची एक वाहिनी दिसेना. चिमटा सरकवून परत फोटो घेतला. आता रक्त जातंय, पण फार हळू."

"म्हंजी?" दाजींनी विचारलं.

"उजवा हात आणि बोलणं. दोन्हीवर परिणाम होईलसं वाटतंय."

दार पुन्हा बंद झालं.

"तिला ठावं हाय का?" आईने विचारलं.

"न्हाई, आत्या. तिला भूल दिल्या," दाजी सासूला म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. अक्का अजून आत होती, आणि तिचं पुढचं आयुष्य आम्हाला आधीच कळलं होतं.

तिने डोळे उघडले तेव्हा आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे नाही, उजव्या हाताकडे बघत होतो. तिने आमच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हात हलला नाही. ओठ हलले, आवाज आला नाही.

बोलणं पुढं हळूहळू परतलं, तुटक का होईना. हात मात्र तसाच राहिला. बऱ्याच दिवसांनी जेवताना तिने विचारलं, "तुमास्नी... आदीच... म्हाईत हुतं?"

"व्हय," मी म्हणाले.

तिने डाव्या हाताने ताट जवळ ओढलं.