आढ्यापर्यंत पोचणारा पंप

"गेल्या मंगळवारी छपरावरून घसरताना तो मोरीचा हवेचा पाइप हाताला लागला नसता, तर आज इथे बसून वाद घालायला तू नसतास," असं म्हणत लर्लीनने ग्रिट्सचं, म्हणजे मक्याच्या लापशीचं, पातेलं टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

"लागला ना पण?" डेल्मर म्हणाला.

"देवाची कृपा. तुझी हुशारी नव्हे."

"मग देवाचे आभार मान. पंपाला कशाला मध्ये आणतेस?"

पंप मध्ये आलाच होता. डेल्मर फेअरक्लॉथ पेन्साकोला शहराच्या आसपासच्या घरांची छपरं धुऊन देत असे. त्याचा बॅटरीवरचा पंप या सोमवारी कायमचा बसला होता आणि त्याला तसाच दुसरा हवा होता. लर्लीनला हवा होता कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा मोठा पंप. बॅटरीच्या पंपाचा फवारा दुमजली घराच्या वळचणीला लावलेल्या शिडीवरून अर्ध्या उतारापर्यंत जेमतेम जाई. उरलेलं अर्धं छप्पर डेल्मर पायी चढे. डांबरी छपरावर शेवाळ आणि त्यावर ब्लीचचं पाणी, म्हणजे साबण ओतलेली फरशीच, तीही तिरकी. एकसष्टाव्या वर्षी तिच्यावरून चालायचं.

"आमच्या ह्यांनी बोट बदलायची नाही म्हणून असाच हट्ट धरला होता," लर्लीनची आई, सगळ्या गावाची ‘मिस ओपल’, बिस्किटाला लोणी लावत म्हणाली. "बुडाली तेव्हा बदलली."

"मिस ओपल, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"मी बिस्किटाच्या बाजूने आहे. तू खा."

डेल्मर हसला आणि त्याने बिस्किट उचललं. या बाईपुढे त्याचं कधी चालत नसे आणि तशी त्याची इच्छाही नसे. एकोणीस वर्षांपूर्वी त्याची नोकरी होती ती कागदाची गिरणी बंद पडली, तेव्हा तो चार महिने ओसरीवर नुसता बसून होता. मिस ओपलने त्याला उपदेश केला नाही. एक दिवस एवढंच म्हणाली, "माझ्या छपरावर काळे ओघळ आलेत, बघतोस का?" त्याने शेतीच्या दुकानातून तणनाशक मारायचा पंप आणला. त्यातल्या साध्या रबराच्या चकत्या ब्लीचने फुगल्या आणि दुपारपर्यंत पंप अडकून बसला. छप्पर अर्धं लख्ख, अर्धं काळंकुट्ट. डेल्मरला तोंड दाखवायची लाज वाटली. ब्लीचला टिकणारा पंप मागवला तर तो यायला दोन आठवडे लागणार होते. मिस ओपल म्हणाली, "येऊ दे सावकाश. दोन रविवार लोकांना बघू दे." तिचं घर चर्चच्या रस्त्यावर होतं. तिसऱ्या रविवारपर्यंत सहा जणांनी त्याला आपल्या छपराबद्दल विचारलं. पुढे कुणी धंदा कसा सुरू झाला असं विचारलं की डेल्मर सांगे, "सासूने अर्धं छप्पर काळं ठेवलं म्हणून."

त्या दिवसापासून तो वर आणि लर्लीन खाली, असंच चालत आलं होतं. ब्लीचचे थेंब पडून गिऱ्हाइकाची झाडं जळू नयेत म्हणून ती फवाऱ्याआधी, चालू असताना आणि नंतर त्यांना साध्या पाण्याने न्हाऊ घाली. लोकांच्या अझेलिया तिने स्वतःच्या नातवंडांसारख्या सांभाळल्या होत्या.

नाश्ता झाला तशी तिने त्याला अंगणात नेलं. दुकानदार वीम्सने हवेवरचा एक पंप दिवसभर वापरून बघायला ठेवला होता. "साध्या पाण्यावर चालवून बघ. नाही पटला तर मी पुन्हा बोलणार नाही."

"हे लिहून दे."

कॉम्प्रेसर धडधडायला लागला. शेजारचा कुत्रा घरात पळाला. डेल्मर शिडीला हात न लावता गवतावर उभा राहिला आणि त्याने फवाऱ्याच्या बंदुकीचा खटका दाबला. पाण्याची कमान वळचणीवरून गेली, उतारावरून गेली, आढंही ओलांडून पलीकडे उतरली. क्षणभराने मिस ओपल मागच्या ओसरीवरून मटारांचं भांडं घेऊन पुढे आली. केसांतून पाणी ठिबकत होतं. तिने कॉम्प्रेसर बंद होईपर्यंत वाट पाहिली.

"छप्पर धुताय की मला? मला धुणार असाल तर सांगून तरी धुवा."

लर्लीन पोट धरून हसली. डेल्मर मात्र बंदुकीकडे बघत उभा होता.

"आता काय राहिलं?" लर्लीनने विचारलं.

"मशीन चालू असताना तू मला काहीतरी सांगत होतीस."

"म्हटलं, पाणी झिनियाच्या फुलांवर जातंय."

"ऐकू नाही आलं."

"मग?"

"मग काय. आपला बॅटरीचा पंप मांजरासारखा गुरगुरतो. वर मला तुझा शब्द न् शब्द ऐकू येतो. वारा फिरला की तू सांगतेस. पाय कुठे टाकू नको, ते सांगतेस. मंगळवारी घसरलो तेव्हा पाइप मला दिसला नव्हता, लर्लीन. तू ओरडलीस, 'डावा हात!' म्हणून मी डावा हात टाकला."

तिला हे आठवतही नव्हतं. किंचाळल्याचं आठवत होतं, शब्द नाही. एवढे दिवस ती आभार मानत होती ते त्या पाइपचे आणि देवाचे. या माणसाने एकोणीस वर्षं आपला जीव तिच्या आवाजावर टांगून ठेवला होता आणि आज पंपाची गोष्ट निघाली म्हणून ते तिला कळलं. तिने झिनियांजवळचा नळ चालू केला, मग उगीचच पुन्हा बंद केला.

"आधी का नाही बोललास?"

"तू ग्रिट्स आपटत होतीस."

मिस ओपल म्हणाली, "मी टॉवेल आणते." आणि मुलीला व जावयाला तिथेच सोडून आत गेली.

दुपारी तळलेले मुलेट मासे टेबलावर आले. डेल्मरने हात जोडून प्रार्थना म्हटली; नेहमीपेक्षा थोडी लांबली, पण कुणी त्याला टोकलं नाही. लर्लीनने आईच्या ताटात मासा वाढला, नवऱ्याच्या ताटात दोन वाढले, मग बसली.

"वीम्सला फोन केला," ती म्हणाली. "हवेचा पंप ठेवून घेतला. पंपाचा पाइप लांब मागवलाय, म्हणजे कॉम्प्रेसर आणि त्याचा आवाज लांब रस्त्यावर राहील. मी डेल्मरला दिसेन अशी उभी राहीन आणि वारा फिरला की हाताने खुणा करीन. आजपासून या घरातलं कुणीही छपरावर चढणार नाही."